इन्सुलिन सुरू झाल्यावर धावणे पुन्हा कसे सुरू करावे?

प्रश्न : पहाटवाट

नमस्कार. ७ महिन्यांपूर्वी, वयाच्या ३१ व्या वर्षी, मला टाइप १ मधुमेह असल्याचे निदान झाले. त्याआधीची ६ वर्षे मी आठवड्यातून ४ दिवस नियमाने धावत होते आणि २ अर्धमॅरेथॉन पूर्ण केल्या होत्या. निदानापूर्वीच्या दोन महिन्यांत माझे वजन ९ किलोंनी उतरले, तहान भागेनाशी झाली, रात्रीतून चार-पाच वेळा लघवीसाठी उठावे लागू लागले. पण हा सगळा वाढवलेल्या सरावाचा परिणाम असावा, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले. शेवटी उलट्या आणि धाप यांमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तेव्हा रक्तात किटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळून तयार होणारी आम्ले) साचल्याचे कळले. आता मी रात्री एकदा दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन आणि तिन्ही वेळच्या खाण्याआधी जलद इन्सुलिन घेते. दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर लावलेला असतो.

खरी अडचण त्यानंतरची आहे. डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिल्यावर एका रविवारी सकाळी, न्याहारी आणि तिच्यासाठीचे ६ युनिट इन्सुलिन घेऊन दीड तास झाल्यावर, मी धावायला बाहेर पडले. साखर १४८ होती आणि मला तो आकडा उत्तम वाटला. (साखरेचे सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.) २५ व्या मिनिटाला पाय जड झाले, दरदरून घाम फुटला, समोरचे धूसर दिसू लागले. तेव्हा सेन्सर ७१ दाखवत होता. बाकावर बसल्यावर दहा मिनिटांनी त्यावर ५२ उमटले. खिशात काहीही नव्हते. एका अनोळखी बाईंनी आपल्याजवळचे गोड पेय दिले म्हणून निभावले.

तेव्हापासून मी बाहेर पडताना साखर २३० ते २५० असेल अशी तजवीज करते, त्यासाठी मुद्दाम इन्सुलिन कमी घेते, आणि फक्त चालते. परिणामी ७.१ टक्क्यांवर आलेले एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी चाचणी) पुन्हा ८.२ टक्के झाले आहे. मध्यंतरी एकदा धीर करून पहाटे उपाशीपोटी चढावर ८ वेगवान फेऱ्या मारल्या, तर १३० ची साखर उतरण्याऐवजी २४० झाली. एकाच शरीरात, एकाच व्यायामाने, एकदा साखर कोसळते आणि एकदा चढते, याची संगती मला लावता येत नाही. घरची माणसे म्हणतात की जिवापेक्षा धावणे मोठे नाही. त्यांची काळजी मला समजते, पण धावणे सोडलेली मी मलाच ओळखू येत नाही. इन्सुलिनवर असताना नियमित धावणाऱ्यांनी हे गणित कसे बसवले, साखर मुद्दाम चढी ठेवणे कितपत योग्य आहे, आणि पूर्ण मॅरेथॉनचा विचार मी कायमचा सोडून द्यावा का, हे कृपया सांगावे.


प्रतिसाद : लांबपल्ला

मी २३ वर्षे इन्सुलिनवर आहे आणि त्यांतली १५ वर्षे लांब अंतराचे धावतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. त्या रविवारी तुमचा आकडा चुकला नव्हता, वेळ चुकली होती. जलद इन्सुलिन टोचल्यावर साधारण १० ते २० मिनिटांत काम सुरू करते, १ ते ३ तासांच्या दरम्यान त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि ३ ते ५ तासांत ते ओसरते. तुम्ही त्याच्या ऐन भरात धावायला निघालात. १४८ हा आकडा त्या क्षणाचा होता. अंगात शिल्लक असलेल्या इन्सुलिनबद्दल तो काहीच सांगत नव्हता.

मधुमेह नसलेली व्यक्ती धावू लागली की तिचे स्वादुपिंड इन्सुलिन आपोआप कमी करते आणि ग्लुकागॉन हे साखर वाढवणारे संप्रेरक वाढवते. त्यामुळे यकृत साठवलेली साखर रक्तात सोडत राहते आणि स्नायू जेवढी ओढून घेतात तेवढी भरून निघते. आपल्या बाबतीत त्वचेखाली एकदा टोचलेले इन्सुलिन परत घेता येत नाही. उलट, धावताना रक्ताभिसरण वाढल्यामुळे ते अधिक वेगाने शोषले जाते. शिवाय आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर आत घेऊ शकतो. म्हणजे साखर दोन दारांनी बाहेर पडत असते आणि जिथून ती यायची ते यकृताचे दार इन्सुलिनने लावून धरलेले असते. हे चित्र एकदा डोक्यात पक्के झाले की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात, कारण मग लक्षात येते की धावण्याचा महत्त्वाचा निर्णय धावताना होत नाही, तो आधीचे इन्सुलिन टोचताना झालेला असतो.

माझ्यापुरते मी दोन मार्ग ठेवले आहेत. पहिला म्हणजे सकाळी न्याहारीपूर्वी, जलद इन्सुलिन अंगात नसताना, केवळ दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनवर धावणे. यात साखर सर्वांत कमी हलते आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवीन. दुसरा म्हणजे खाल्ल्यानंतर दोन तासांच्या आत धावायचे असेल तर त्या खाण्याचे इन्सुलिन आधीच कमी करणे. किती कमी करायचे हे वेगावर आणि वेळेवर अवलंबून असते. २०१७ मध्ये या विषयातील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मिळून जे एकमत प्रसिद्ध केले त्यात ही कपात २५ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान सांगितली आहे. मी तासभर मध्यम वेगाने धावणार असेन तर निम्मे घेतो. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांबरोबर बसून ठरवा, माझा उचलू नका.

त्याच एकमतात सुरुवातीच्या साखरेचेही टप्पे आहेत. साखर ९० च्या खाली असेल तर आधी १० ते २० ग्रॅम ग्लुकोज घ्यावे आणि साखर ९० च्या वर जाईपर्यंत थांबावे. ९० ते १२४ असेल तर १० ग्रॅम घेऊन सुरुवात करावी. १२६ ते १८० ही बहुतेकांसाठी सहनशक्तीच्या व्यायामाची योग्य पातळी आहे. म्हणजे तुम्हाला हवी असलेली सुरक्षितता १५०-१६० वरही मिळते, त्यासाठी २४० वर जाण्याचे कारण नाही. अट एवढीच की त्या १६० च्या मागे जोरात काम करणारे इन्सुलिन नसावे. तासाभराच्या पुढे धावायचे असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावी लागतात आणि ती एकदम न घेता दर वीस मिनिटांनी थोडी थोडी घेतली तर पोटालाही मानवतात.

आता चढावरच्या फेऱ्यांबद्दल. संथ, सलग धावणे आणि जीव तोडून मारलेली धाव हे शरीराच्या दृष्टीने दोन वेगळे व्यायाम आहेत. तीव्र श्रमात ॲड्रेनलिन आणि त्याच्या जोडीची संप्रेरके उसळतात, यकृत भराभर साखर सोडते, आणि ती सामावून घेण्यासाठी मधुमेह नसलेल्या माणसात श्रम संपताच जसे इन्सुलिन वाढते तसे आपल्यात वाढत नाही. त्यातून पहाटेची वेळ आणि रिकामे पोट, म्हणजे साखर चढण्याला सर्व बाजूंनी अनुकूल परिस्थिती होती. अशा वेळी घाबरून नेहमीइतके इन्सुलिन टोचू नये. ती वाढ पुष्कळदा एक-दोन तासांत स्वतःहून उतरते, आणि वर टोचलेले इन्सुलिन नंतर अंगाशी येते; टोचावेच लागले तर नेहमीच्या निम्मे पुरते. याच गुणाचा उपयोगही करता येतो. संथ धावण्याच्या अखेरीस साखर उतरणीला लागली आहे असे दिसले की मी १० सेकंद पूर्ण ताकदीने धावतो, त्यामुळे उतरण काही काळ थोपते. अर्थात साखर आधीच ७० च्या खाली असेल तर हा उपाय करायचा नाही, तेव्हा थांबायचे आणि ग्लुकोज घ्यायचे.

रात्रीबद्दल मात्र कळकळीने सांगतो, कारण मला तो धडा फार वाईट रीतीने मिळाला. पहिल्यांदा २५ किलोमीटर धावलो त्या दिवशी दुपारपासून साखर सुरेख राहिली, मी आनंदाने नेहमीचे इन्सुलिन घेऊन झोपलो आणि पहाटे तीनला माझी पत्नी मला हलवून जागे करत होती. मला तिचे बोलणे ऐकू येत होते, अर्थ लागत नव्हता. रिकामे झालेले स्नायू पुढचे २४ तास, कधी त्याहूनही अधिक काळ, आपला साठा भरून घेत असतात आणि इन्सुलिनला जास्त प्रतिसाद देतात. दुपारी किंवा संध्याकाळी केलेल्या मोठ्या व्यायामानंतर धोक्याची वेळ बहुधा मध्यरात्रीनंतर येते. त्यामुळे अशा दिवशी मी व्यायामानंतरच्या खाण्याचे इन्सुलिन कमी करतो, रात्रीचे दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन सुमारे २० टक्क्यांनी कमी घेतो, आणि सेन्सरचा इशारा ८० वर लावून झोपतो.

एक वही करा. त्यात तारीख, वेळ, शेवटचे इन्सुलिन किती आणि किती वाजता, सुरुवातीची साखर, मधली, शेवटची, झोपतानाची आणि पहाटेची, एवढेच लिहा. पहिल्या दोन महिन्यांत त्या वहीने मला जितके शिकवले तितके नंतरच्या कोणत्याही उपकरणाने शिकवलेले नाही.


प्रतिसाद : मोजमाप

मी मधुमेह शिक्षक म्हणून १४ वर्षे काम करते. वरील प्रतिसादातील बहुतेक गोष्टींशी सहमत आहे. ज्या राहिल्या त्या जोडते.

साखर मुद्दाम २४० वर ठेवण्याबद्दल तुम्ही थेट विचारले आहे. साखर साधारण १८० च्या पुढे गेली की मूत्रपिंडे ती लघवीतून बाहेर टाकू लागतात आणि तिच्याबरोबर पाणी व क्षारही जातात. म्हणजे तुम्ही धावायला निघण्याआधीच शरीर कोरडे होऊ लागलेले असते. दीर्घकालीन बाजू याहून गंभीर आहे. १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका आणि कॅनडामध्ये टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवणाऱ्या गटात डोळ्यांच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचे प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी आढळले, आणि मूत्रपिंडे व चेतातंतू यांच्या बाबतीतही मोठा फायदा दिसला. पण त्याच अभ्यासात काटेकोर गटातील व्यक्तींना साखर गंभीररीत्या उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट आले. हा दुसरा भाग मी मुद्दाम सांगते, कारण तुमची भीती निराधार नाही आणि कोणी ती मनाचा कमकुवतपणा ठरवत असेल तर ते मान्य करू नका. त्या काळी सेन्सर नव्हते, आजची जलद इन्सुलिनेही नव्हती. आज तुमच्याकडे दोन्ही आहेत. दिवसाचा ७० टक्क्यांहून अधिक काळ साखर ७० ते १८० च्या दरम्यान आणि ४ टक्क्यांहून कमी काळ ७० च्या खाली, हे बहुतेक प्रौढांसाठीचे लक्ष्य व्यायाम करूनही गाठता येते.

सेन्सरबद्दल एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, त्वचेखालच्या पेशींभोवतीच्या द्रवातली मोजतो. ती रक्ताच्या काही मिनिटे मागे असते, आणि धावताना साखर वेगाने उतरत असेल तर हे अंतर वाढते. तुम्हाला ७१ दिसत असताना रक्तातली साखर बहुधा त्याच्या बरीच खाली गेली होती. म्हणून व्यायामात आकड्यापेक्षा, साखर चढते आहे की उतरते आहे हे दाखवणाऱ्या सेन्सरवरच्या बाणाकडे अधिक लक्ष द्यावे: खाली वळलेल्या बाणासह ११० असेल तर तिथेच ग्लुकोज घ्यावे, आणि अंगाला जाणवणारी लक्षणे व सेन्सर यांचे जुळत नसेल तर बोट टोचून पाहावे. पाहता येत नसेल तर लक्षणांवर विश्वास ठेवून आधी ग्लुकोज घ्यावे. साखर ७० च्या खाली गेल्यास १५ ग्रॅम लवकर शोषली जाणारी साखर, म्हणजे ग्लुकोजच्या गोळ्या किंवा फळांचा रस, घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि गरज असल्यास तेच पुन्हा करावे. चॉकलेटसारखे स्निग्ध पदार्थ यासाठी घेऊ नयेत, कारण त्यातली साखर उशिरा पोहोचते.

कधी धावू नये, हेही तितकेच स्पष्ट असावे. साखर २७० च्या वर असेल आणि त्याचे कारण कळत नसेल तर आधी किटोन तपासावेत. रक्तातील किटोन १.५ मिलिमोल प्रति लिटर किंवा त्याहून जास्त असल्यास व्यायाम पूर्णपणे वर्ज्य आहे, ०.६ ते १.४ असल्यास आधी त्यावर उपचार करावा. इथे साखर जास्त असण्याचे कारण इन्सुलिनचा अभाव असते आणि अशा स्थितीत व्यायाम किटोन आणखी वाढवतो. तुम्ही एकदा त्यातून गेला आहात, म्हणून चालण्यासाठी इन्सुलिन कमी करण्याची तुमची सवय मला अधिक काळजीची वाटते. दुसरी गोष्ट, मागच्या २४ तासांत दुसऱ्याची मदत लागावी इतकी साखर उतरली असेल तर त्या दिवशी व्यायाम करू नये. साखर एकदा उतरली की पुढच्या उतरणीची सूचना देणारी घाम, थरथर ही लक्षणे दुसऱ्या दिवशी मंदावतात, त्यामुळे दुसरा प्रसंग न सांगता येतो.

छोट्या गोष्टी पटकन सांगते. धावण्याआधीचे इंजेक्शन मांडीत घेऊ नये, पोटावर घ्यावे, आणि जागा बदलत राहावी. एकाच जागी टोचल्याने झालेल्या चरबीच्या गाठींतून इन्सुलिन कधी शोषले जाईल याचा भरवसा नसतो. धावून आल्यावर पायांचे तळवे रोज पाहावेत. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालेली नसेल तर जड वजने उचलण्याआधी ती करून घ्यावी. आणि निदानाला अवघे ७ महिने झाले असल्याने तुमचे स्वादुपिंड अजून थोडेफार इन्सुलिन तयार करत असण्याची शक्यता आहे, ज्याला हनिमून पिरियड म्हणतात. तो काळ संपेल तसे आज बसवलेले गणित बदलावे लागेल. तेव्हा आपलेच काही चुकले असे समजू नका.


प्रतिसाद : सोबती

मला स्वतःला मधुमेह नाही. माझी पत्नी १२ वर्षांपासून इन्सुलिनवर आहे आणि डोंगर चढते. तुम्ही घरच्यांविषयी लिहिलेत म्हणून त्या बाजूने लिहितो.

पहिली काही वर्षे मी तिला दर अर्ध्या तासाला साखर विचारत असे. माझ्या दृष्टीने ती काळजी होती. तिच्या दृष्टीने ती हजेरी होती, आणि हळूहळू ती मला खरा आकडा सांगेनाशी झाली. हे लक्षात आल्यावर आम्ही ठरवले की मी आकडा विचारायचा नाही, मात्र तिच्या सेन्सरचा ७० खालचा इशारा माझ्याही फोनवर वाजेल आणि तो वाजून दहा मिनिटे झाली तरच मी फोन करीन. तुमच्या घरच्यांना धावू नको म्हणण्याखेरीज दुसरे काही करण्यासारखे हाती नाही, म्हणून ते तेच म्हणतात. त्यांना एक काम द्या.

ते काम म्हणजे ग्लुकागॉन वापरायला शिकणे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. व्यक्तीला कुशीवर वळवायचे, ग्लुकागॉन द्यायचे आणि तातडीची वैद्यकीय मदत बोलवायची. इंजेक्शनची प्रौढांसाठीची नेहमीची मात्रा १ मिलिग्रॅम असते आणि ते यकृतातली साखर बाहेर काढून काम करते. इथे लांबपल्ला यांच्या लिखाणाला एक पुस्ती जोडतो: खूप लांब धावून यकृताचा साठा संपलेला असेल तर ग्लुकागॉनचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून त्यावर विसंबून मदत बोलवायला उशीर करू नये. आम्ही मुदत संपलेल्या संचावर घरच्या सर्वांकडून सराव करून घेतला. त्या दिवसानंतर माझ्या सासूबाईंनी तिला डोंगरावर जाऊ नकोस असे एकदाही म्हटलेले नाही.

सुरुवातीचे दोन-तीन महिने एकटीने धावू नका. बरोबर कोणी नसेल तर ठरावीक छोट्या फेरीवरच धावा, आणि इन्सुलिनवर असल्याचे सांगणारे कडे मनगटात ठेवा.


प्रतिसाद : जुनीवही

माझे वय ६१ आहे आणि मी ३८ वर्षे इन्सुलिन घेतो आहे. सुरुवातीला काचेची सिरिंज उकळून घ्यावी लागे आणि साखर लघवीत पाहावी लागे. परीक्षानळीतले निळे द्रावण तापवल्यावर हिरवे, पिवळे, नारिंगी की विटकरी होते यावरून अंदाज करायचा. तो अंदाजही काही तासांपूर्वीच्या साखरेचा असे. त्यामुळे डॉक्टर सावधगिरीने बैठे जीवन सुचवत आणि मीही बरीच वर्षे तसाच जगलो. आज त्याची खंत वाटते.

कारण व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम वाढतो ही गोष्ट तेव्हाही नवी नव्हती. आर. डी. लॉरेन्स हे ब्रिटिश डॉक्टर स्वतः १९२३ पासून इन्सुलिनवर होते आणि १९२६ मध्येच त्यांनी व्यायामाचा इन्सुलिनवर होणारा परिणाम सविस्तर लिहून प्रसिद्ध केला होता. पहिल्या रुग्णाला, १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला, टोरांटोत इन्सुलिन टोचले गेले ते १९२२ च्या जानेवारीत. म्हणजे ४ वर्षांत हे ज्ञान हाती आले होते, पण रोजच्या जगण्यात ते वापरण्यासाठी घरच्या घरी रक्त तपासता येणे गरजेचे होते.

मॅरेथॉनचा विचार सोडावा का, या प्रश्नाला दोन उदाहरणे पुरेशी आहेत. वसीम अक्रम यांना १९९७ मध्ये, ऐन कारकिर्दीत, टाइप १ मधुमेहाचे निदान झाले. त्यानंतरही ते वेगवान गोलंदाजी करत राहिले आणि २००३ च्या विश्वचषकात एकदिवसीय सामन्यांतला ५०० वा बळी त्यांनी घेतला. जलतरणपटू गॅरी हॉल ज्युनियर यांना १९९९ मध्ये निदान झाले आणि त्यांनी २००० मध्ये सिडनीत व २००४ मध्ये अथेन्समध्ये ५० मीटर मुक्तशैलीचे सुवर्णपदक मिळवले.

तरीही मला हे नोंदवावेसे वाटते की सक्रिय जीवन म्हणजे केवळ शर्यती नव्हेत. मी रोज खाल्ल्यानंतर २० मिनिटे चालतो आणि आठवड्यातून दोनदा हलकी वजने उचलतो, इतकेच. प्रौढांना आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि सलग दोन दिवसांहून अधिक खंड नको, असे सांगितले जाते. मी ते पाळतो. माझे डोळे आणि मूत्रपिंडे शाबूत आहेत. आपल्याआधी ज्यांनी इन्सुलिनवर ५० वर्षे काढली त्यांना बॉस्टनची जॉस्लिन ही मधुमेहावर काम करणारी संस्था १९७० पासून पदक देत आली आहे. मला अजून १२ वर्षे आहेत.


प्रतिसाद : पहाटवाट

सर्वांची मनापासून आभारी आहे. प्रश्न विचारून ५ आठवडे झाले. डॉक्टरांना हे सर्व दाखवून त्यांच्याबरोबर आकडे ठरवले आणि मगच सुरुवात केली, म्हणून आता लिहिते आहे.

आठवड्यातून ३ दिवस न्याहारीआधी, घराभोवतीच्या सव्वा किलोमीटरच्या फेरीवर धावते. पहिल्या दिवशी ३ फेऱ्या केल्या, साखर १४१ वरून १२६ झाली. मी आकडा बघून रस्त्यातच रडले. आजवर १३ वेळा धावले, त्यांत दोनदा साखर ७० च्या खाली गेली, सर्वांत कमी ६४. दोन्ही वेळा बाण खाली वळताच ग्लुकोज घेतले होते, पण ते कमी पडले. दुसऱ्या वेळचे कारण वहीत सापडले: आदल्या संध्याकाळी घरातले सामान हलवण्यात तीन तास गेले होते आणि तो व्यायाम मी हिशेबात धरलाच नव्हता. चढावरच्या वेगवान फेऱ्या पुन्हा करून पाहिल्या, साखर २१८ झाली, काहीही न टोचता थांबले आणि ८५ मिनिटांनी ती १५२ वर आली.

ग्लुकागॉनचा सराव घरी झाला. माझ्या वडिलांनी ते तीनदा करून पाहिले आणि मग कुठे धावायला जायचे आहे ते विचारले.

एक शंका उरली आहे. पुढच्या हंगामात १० किलोमीटरच्या शर्यतीत नाव द्यावे असे मनात आहे. शर्यतीच्या दिवशी नेमके काय वेगळे होते, आणि इन्सुलिन हे उत्तेजक द्रव्यांच्या यादीत आहे असे वाचले, त्याचे काय करायचे?


प्रतिसाद : लांबपल्ला

वहीतली ती सामान हलवल्याची नोंद वाचून फार बरे वाटले. हे गणित असेच हाती येते.

इन्सुलिन जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या यादीत आहे, हे खरे आहे. ज्यांना त्या नियमांखाली स्पर्धा खेळायची असते त्यांना उपचारासाठी वापरण्याची परवानगी रीतसर घ्यावी लागते, आणि मधुमेहाचे कागद असल्यास ती मिळते. हौशी शर्यतीत सहसा कोणी विचारत नाही, तरी नाव नोंदवताना संयोजकांचे नियम एकदा वाचा, वैद्यकीय माहितीच्या रकान्यात इन्सुलिनवर असल्याचे लिहा आणि छातीवरच्या क्रमांकाच्या मागच्या बाजूलाही लिहा.

शर्यतीच्या सकाळी उत्सुकतेनेच साखर चढते. सरावात सुरुवातीला १४० असणारी साखर त्या दिवशी २०० दिसेल. ती इन्सुलिनने खाली आणण्याचा मोह होईल, तो आवरा. पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये ती उतरू लागते. मला पहिल्या शर्यतीत हे माहीत नव्हते, २ युनिट टोचले आणि सहाव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला बसलो. त्या दिवशी नवे काहीच करू नका, खाणे, वेळ, बूट, सगळे सरावातलेच असू द्या. इन्सुलिनचे पेन सामानात ठेवणार असाल तर ते उन्हात तापणार नाही असे पाहा. वापरात असलेले बहुतेक इन्सुलिन ३० अंशांखाली सुमारे ४ आठवडे टिकते, पण बंद गाडीतली एक दुपार ते निकामी करू शकते. ग्लुकोजच्या गोळ्या दोन वेगळ्या खिशांत ठेवा आणि घामाने विरघळू नयेत म्हणून छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला. थरथरत्या बोटांनी ती पिशवी उघडते का, हे घरी आधी करून पाहा.